चाळिशीनंतरची नजर

मराठी भाषेने डोळ्यांच्या एका विकाराला वयाचेच नाव देऊन टाकले आहे. जवळचे अक्षर दिसेनासे झाले, की त्या माणसाला 'चाळिशी लागली' असे आपण म्हणतो. आणि त्यावर उपाय म्हणून नाकावर जो चष्मा येतो, त्याचेही नाव चाळिशीच. "माझी चाळिशी कुठे ठेवलीत?" हा प्रश्न जेथे कधीच ऐकू आला नाही, असे मराठी घर विरळा. वय, विकार आणि उपाय या तिघांना मिळून एकच शब्द पुरवणारी भाषा काटकसरी खरी, पण या एका बाबतीत ती शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. डोळ्याच्या बाहुलीमागे जे पारदर्शक भिंग असते, ते बालपणी मऊ आणि लवचीक असते. जवळचे पाहावयाचे झाले, की भोवतालचा स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि प्रतिमा नेमकी पडद्यावर पडते. वर्षे जातात तसे हे भिंग कठीण होत जाते. चाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास ते स्नायूचे ऐकेनासे होते. मग वर्तमानपत्र दूर धरावे लागते, आणखी दूर धरावे लागते, आणि शेवटी हाताची लांबीच अपुरी पडते. यातून राव सुटत नाही आणि रंकही सुटत नाही. ज्याला आधीपासून लांबचा चष्मा आहे, तो चष्मा काढून वाचू शकतो आणि आपल्याला चाळिशी लागलीच नाही अशा भ्रमात सुखाने राहतो, एवढाच काय तो अपवाद.

परंतु भाषेची ही सोय आपल्या विचाराला थोडी गुंगी आणते, असे मला वाटते. चाळिशी वयाने येते, तेव्हा पुढे नजरेचे जे जे बिघडेल तेही वयानेच, अशी आपली समजूत होऊन बसते. "आता वय झालं, एवढं चालायचंच," हे वाक्य घरोघर ऐकू येते. घरातील वडीलधारी माणसे ते समाधानाने उच्चारतात आणि धाकटी माणसे ते तितक्याच समाधानाने ऐकून घेतात. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते या वाक्याविषयी. कारण चाळिशीनंतर दृष्टी मंदावते तिची कारणे एकाच जातीची नाहीत. काही कारणांनी गेलेली दृष्टी जशीच्या तशी परत मिळते. काही कारणांनी गेलेली दृष्टी परत येत नाही, आहे तेवढी मात्र राखता येते. आणि ही दुसऱ्या जातीची कारणे बहुधा दुखत नाहीत, खुपत नाहीत, की आपल्या येण्याची वर्दीही देत नाहीत. या सर्वांवर 'वय' अशी एकच चिठ्ठी चिकटवणारा मनुष्य पहिल्या प्रकारात विनाकारण आंधळेपण भोगतो, आणि दुसऱ्या प्रकारात वैद्याकडे पोहोचतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

चाळिशीची गोष्ट साधी म्हणून तीही सोडून देण्यासारखी नाही. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील ७५१ मजुरांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील काहींना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे प्रयोगाच्या आरंभी देण्यात आले, इतरांना ते प्रयोग संपल्यावर मिळाले. चष्मा लाभलेल्यांच्या खुडणीत इतरांच्या मानाने सुमारे एक पंचमांशाने अधिक वाढ झाली. मळा तोच होता आणि हातही तेच होते. फक्त कोवळे पान आणि जून पान यांतला भेद त्यांना पुन्हा दिसू लागला होता. शिंपी, सोनार, घड्याळजी, धान्य निवडणाऱ्या बायका, या सर्वांची कमाई याच काचेवर अवलंबून असते. तरीही चष्मा लावणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, या लाजेपोटी पाच-पाच वर्षे नातवंडांकडून सुईत दोरा ओवून घेणारी माणसे आपल्या परिचयाची असतात.

अंधत्वाची भीती आपल्या समाजाला नवी नाही. तिचे रूप मात्र बदलले आहे. आपल्या आजा-पणजांच्या काळी डोळे जात ते प्रामुख्याने देवीच्या साथीत, खुपऱ्यांनी, किंवा लहान मुलाच्या डोळ्यांत फूल पडल्याने. देवीचा भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला. खुपऱ्यांचा उपद्रव सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतात उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. ते आता सत्तरीच्या घरात आहे. म्हणजे पूर्वी ज्या वयात सरासरी माणूस जगाचा निरोप घेत असे, त्या वयानंतर आज त्याचे अर्धे आयुष्य शिल्लक असते, आणि अंधत्व आपला मुक्काम हलवून त्या उत्तरार्धात येऊन राहिले आहे. २०१५ ते २०१९ या काळात देशभर जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात पन्नाशीपुढील दर शंभर व्यक्तींमागे जवळजवळ दोन अंध आढळल्या. चांगल्या डोळ्यानेही तीन मीटरवरची बोटे मोजता येत नाहीत, ती व्यक्ती अंध, असे माप येथे लावले होते. या अंधांपैकी ६६ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण होते मोतीबिंदू. शंभरांतील सहासष्ट माणसे अशा कारणाने अंधारात बसली होती, की ज्यावर उपाय आहे, तो जुना आहे, आणि सरकारी रुग्णालयांतून तो विनामूल्यही मिळतो. हा आकडा वाचून मन विषण्ण होते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढणारे काही पटल नव्हे. चाळिशीत कठीण झालेले तेच भिंग पुढे गढूळ होते. दिव्याच्या प्रकाशात डोळे दिपतात, रंग पिवळट व मळकट दिसू लागतात, एका चंद्राचे दोन-तीन चंद्र भासतात. या गढूळपणाची एक मोठी गमतीची आणि फसवी पायरी आहे. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला, की त्याची शक्ती वाढते. मनुष्य लघुदृष्टी बनतो, आणि पंधरा-वीस वर्षे ज्याला चाळिशीवाचून अक्षर दिसत नव्हते तो एके दिवशी पोथी नुसत्या डोळ्यांनी वाचू लागतो. "आजींनी या वयात चाळिशी टाकली," असे घरातले लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. वस्तुतः आजींना समोरच्या ओसरीवरचा मनुष्य ओळखू येईनासा झालेला असतो. ते मात्र कोणी विचारीत नाही. उतारवयात अशी नजर 'सुधारली', तर तो दिवस वैद्याकडे जाण्याचा समजावा.

या विकारावरील शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. शलाकेने ते गढूळ द्रव्य दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारीत. १७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने भिंग डोळ्यातून बाहेरच काढण्यास आरंभ केला. पण भिंग काढल्यावर डोळ्यात भिंगच उरत नसे, आणि रुग्णाच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा येई. तो चष्मा आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडावर पाहिला असेल. यातून सुटकेची वाट सापडली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छपरांतील प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, आणि डोळ्यांनी ते निमूटपणे सहन केले. हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या नेत्रवैद्याने त्यावरून ताडले, की याच पदार्थाचे भिंग करून डोळ्यात बसवता येईल. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याने तसे भिंग पहिल्यांदा बसवले. त्याच्या व्यवसायबंधूंनी पुढे कित्येक वर्षे त्याला विरोध केला, तो भाग निराळा. भारतात ही भिंगे गोरगरिबांच्या आवाक्यात आणण्याचे मोठे श्रेय मदुराईला जाते. संधिवाताने बोटे वाकडी झालेले डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तेथे १९७६ साली अकरा खाटांचे रुग्णालय काढले, आणि १९९२ मध्ये त्या संस्थेने स्वतःच भिंगे घडवण्यास प्रारंभ केला. परदेशी भिंगाच्या तुलनेत त्यांची किंमत अल्प होती.

इतके होऊनही 'मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा' हा समज अद्याप पक्का आहे. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळी त्याला आधार होता. दृष्टी पुरती गेल्यावाचून त्या जाड चष्म्याचे आणि त्या धोक्याचे ओझे पत्करण्यात अर्थ नव्हता. आज परिस्थिती उलट आहे. फार पिकलेले भिंग कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि क्वचित ते भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो व जो डोळा सहज वाचला असता तो जातो. नित्याच्या कामात अडथळा येऊ लागला, की काढण्याची वेळ झाली, असा सरळ हिशेब आहे. डोळ्यांत थेंब घालून मोतीबिंदू विरघळवून देतो, असे जे सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. असे औषध अद्याप कोणापाशी नाही.

मोतीबिंदू वयाने होतो हे खरे, पण तो लवकर आणणाऱ्या गोष्टीही आहेत. आयुष्यभर उन्हात उघड्या डोळ्यांनी केलेले काम, तंबाखूचे धूम्रपान, मधुमेह, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीचा धूर. या शेवटच्या कारणाचा भार बहुतांशी स्त्रियांवर पडतो. त्याखेरीज स्टेरॉइड जातीची औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही भिंग गढुळते. दमा किंवा सांधेदुखी यांवर वैद्याने ती दिली असतील तर ती त्याला विचारल्यावाचून बंद करू नयेत. पण ज्यांच्या वेष्टनावर आत काय आहे याचा उल्लेखच नसतो, अशा सांधेदुखीच्या 'गुणकारी' पुड्यांत पुष्कळदा हेच द्रव्य मिसळलेले आढळले आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत कितीतरी अधिक दिसले. यात डोळ्यांच्या रचनेचा दोष थोडा आणि घरांच्या रचनेचा अधिक आहे. घरातील कर्त्या पुरुषाची नजर कमी झाली, की महिन्याभरात सर्वांच्या लक्षात येते, कारण व्यवहार अडतो. म्हातारीची नजर गेली तर अडते ते तिचेच. ती चाचपडत चहा करते, पायरी मोजून उतरते, आणि विचारले तर म्हणते, "मला आता काय पाहायचंय? चाललंय ते बरं आहे." तिला नेणार कोण, पेरणीचे दिवस आहेत, नातीचे लग्न आहे, ही कारणे तिच्या तोंडची असली तरी बहुधा ती तिने घरातल्यांच्या चेहऱ्यावर वाचलेली असतात. तेवढे तिला अजून दिसत असते.

आता काचबिंदूकडे वळतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू या नावांनी आपला मोठा घोटाळा केला आहे. नावे सख्ख्या भावंडांची, म्हणून दोन्ही 'बिंदू' सारखेच आणि दोन्ही काढून टाकले की नजर येते, अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात दोहोंत काहीही साम्य नाही. डोळ्याच्या पुढल्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून तो सतत निचरत असतो. निचरा मंदावला की डोळ्यातील दाब वाढतो. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी जी दृष्टिमज्जा आहे, तिच्यात दहा-बारा लाख सूक्ष्म तंतू असतात. या दाबाखाली ते एकेक करून मरू लागतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. काचबिंदूवरील थेंब, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया यांचे काम उरलेले तंतू वाचवणे एवढेच आहे.

आणि ही हानी होत असताना रुग्णाला काय जाणवते? बहुधा काहीही नाही. दृष्टी जाते ती कडेकडून. मधली दृष्टी, जिने आपण अक्षर वाचतो आणि चेहरा ओळखतो, ती शेवटपर्यंत शाबूत राहते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, आणि जे दोघांनाही दिसत नाही ते मेंदू आपल्या पदरचे घालून पुरे करतो. रिकाम्या जागी काळोख दिसत नाही. तेथे काही नाही हेच कळत नाही. मनुष्य दाराच्या चौकटीला खांदा घासतो, उंबरठ्याला ठेचकाळतो, रस्त्यात सायकलवाला 'एकदम कुठून तरी' पुढे येतो, आणि तो स्वतःच्या धांदरटपणाला दोष देतो. भारतात घरोघर जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू आढळलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला तो आहे याची गंधवार्ताही नव्हती. मला यातली भयंकर गोष्ट वाटते ती ही, की ही माणसे निष्काळजी होती असे म्हणता येत नाही. ज्याची उणीव जाणवतच नाही, तिच्याविषयी तक्रार करावयाची ती कशी?

यास्तव तक्रार होण्याची वाट न पाहता तपासणी करणे, हाच एक मार्ग उरतो. ही तपासणी म्हणजे भिंतीवरची अक्षरे वाचणे नव्हे. अक्षरे तर काचबिंदूचा रोगी उत्तम वाचतो. नुसता दाब मोजूनही भागत नाही. साधारणतः दहा ते एकवीस मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब, पण त्या मर्यादेत राहूनही ज्यांची मज्जा झिजते असे रुग्ण पुष्कळ आहेत. डोळ्याच्या आत पाहून त्या मज्जेचे तोंडच पाहावे लागते. हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली त्यासाठी एक लहानसे उपकरण जगापुढे ठेवले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ तोपर्यंत कोणी नीट पाहिलेला नव्हता. चाळिशीचा चष्मा घ्यावयास आपण जातो, त्याच वेळी हे पाहून घ्यावे. म्हणून रस्त्यावरच्या दुकानात तयार चष्मा उचलणे स्वस्त असले, तरी त्यात ही एक संधी वाया जाते.

काचबिंदूचा दुसरा प्रकार मात्र ओरडून सांगणारा आहे, आणि तो आशियाई लोकांत पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आढळतो. यात निचऱ्याचा कोपरा एकाएकी बंद होतो. डोळा लाल होतो, डोके फुटून जाईल असे दुखते, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये दिसतात आणि उलट्या होतात. उलट्या होतात म्हणून घरची मंडळी पित्त समजतात, अर्धे डोके दुखते म्हणून अर्धशिशी समजतात, आणि सुंठ उगाळण्यात रात्र जाते. ही रात्रच मोलाची असते. अशा वेळी ताबडतोब नेत्रवैद्य गाठावा.

कोणाला काचबिंदूचा धोका अधिक? वय वाढेल तसा सर्वांनाच. पण ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना तो आहे, त्यांना इतरांपेक्षा अनेक पटींनी. ज्याला काचबिंदू असल्याचे निदान झाले, त्याने त्याच आठवड्यात आपल्या बहीणभावांना पत्र लिहावे वा दूरध्वनी करावा. आपल्याकडे सोयरिकीच्या भीतीने घरातील आजार झाकून ठेवण्याची रीत आहे. येथे ती रीत डोळे घेते. दुसरा धोका आपण बाजारातून विकत आणतो. डोळे लाल झाले, खाज सुटली, की औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालतात. लाली झटकन जाते, म्हणून बाटली घरात कायमची होते. महिनोन् महिने हे थेंब घातल्याने डोळ्यातील दाब वाढतो, आणि बरे वाटत असतानाच दृष्टी जाते. वैद्याने चार दिवसांसाठी लिहून दिलेली जुनी बाटली पुढच्या वर्षी पुन्हा वापरणे हेही त्यातच आले.

काचबिंदूच्या उपचारात खरी कसोटी रुग्णाच्या मनाची असते. रोज ठरल्या वेळी थेंब घालावयाचे, जन्मभर घालावयाचे, आणि त्याने बरे वाटले असे एक दिवसही वाटावयाचे नाही. उलट थोडे चुरचुरावयाचे. फायदा एवढाच, की काही घडत नाही. अशा औषधावर श्रद्धा टिकवणे कठीण, आणि पुष्कळांचे थेंब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुटतात ते यामुळेच. वैद्याने रुग्णाला हे पहिल्याच भेटीत मोकळेपणी सांगितले, तर उपचार अधिक टिकेल असे मला वाटते.

तिसरे कारण मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून २०२१ साली भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, की दृष्टिपटलातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पुढे त्या बंद पडतात, आणि उपाशी पटलावर नव्या पण कच्च्या वाहिन्या फुटतात. या कच्च्या वाहिन्यांतून रक्तस्राव झाला म्हणजे डोळ्यापुढे एकाएकी काळे जाळे पसरते. तोपर्यंत नजर बहुधा स्वच्छ असते, आणि मधुमेही मनुष्य "मला सगळे नीट दिसते" असे सांगून तपासणी टाळतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू होऊन १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या पाच हजारांवर लोकांना वर्षानुवर्षे तपासले. निदानाच्या वेळीच त्यांच्यातील तिघांपैकी एकाहून अधिक जणांच्या दृष्टिपटलावर विकाराच्या खुणा होत्या, म्हणजे रोग ओळखला जाण्यापूर्वीच तो डोळ्यांत पोहोचला होता. साखरेइतकाच रक्तदाब आटोक्यात ठेवणेही डोळ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे, हेही त्या अभ्यासाने दाखवले. म्हणून प्रौढपणी मधुमेह आढळताच एकदा, आणि त्यापुढे दर वर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा तळ पाहून घ्यावा. त्या थेंबांनी चार-सहा तास अंधुक दिसते. घरचे कोणी तरी बरोबर न्यावे.

वेळीच सापडलेल्या अशा डोळ्यावर लेसर किरणांनी उपचार करता येतो. त्याची मूळ कल्पना मजेदार रीतीने सुचली. १९४५ सालचे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने एका विद्यार्थ्याच्या दृष्टिपटलावर भाजल्याचा डाग पडला. तो डाग तपासताना मायर-श्विकेराथ या जर्मन नेत्रवैद्याच्या मनात आले, की प्रकाशाने पटल बिघडते तसे ते डागून जोडताही येईल. प्रारंभी त्याने उपचारासाठी खुद्द सूर्याचेच किरण वापरले. या शतकाच्या आरंभापासून डोळ्यात टोचावयाची औषधेही उपलब्ध झाली आहेत. डोळ्यात सुई या कल्पनेनेच अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर केलेला असतो.

दृष्टिपटलाचा मधला ठिपका झिजण्याचा विकार साठीनंतर गाठतो. येथे काचबिंदूच्या उलट घडते. कडेचे दिसते, आणि ज्या चेहऱ्याकडे पाहावे तोच पुसट होतो. यात माणसाला स्वतःच्या हाती ठेवता येईल असे मोठे कारण एकच, आणि ते म्हणजे धूम्रपान. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा विकार न ओढणाऱ्यांच्या दुपटीहूनही अधिक आढळतो. आरंभीची खूण घरबसल्या कळते. एक डोळा तळहाताने न दाबता झाकावा आणि दुसऱ्याने खिडकीच्या गजांकडे पाहावे. सरळ गज वाकडे किंवा मध्येच तुटलेले दिसले, तर त्याच आठवड्यात तपासणी करावी. महिन्यातून एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आकडेही असेच एकेका डोळ्याने वाचून पाहावेत. दोन्ही डोळे उघडे ठेवून वावरणाऱ्या माणसाला, आपला एक डोळा गेला आहे हे कित्येकदा वर्षभर कळत नाही. आणि डोळ्यापुढे एकाएकी विजेसारख्या रेघा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे झाले, तर आठवडाही थांबू नये. दृष्टिपटल सुटू लागल्याची ती खूण असू शकते, आणि तेथे हिशेब तासांचा असतो. अधिक उणे नंबर असलेल्यांना हा धोका विशेष.

नजर कमी झाली म्हणजे केवळ वाचन थांबते असे नाही. उतारवयात पडून मांडीचे हाड मोडते, त्यामागे कित्येकदा न दिसलेली पायरी असते. समोरचा ओळखू आला नाही या संकोचाने माणूस बोलणे टाळतो, बाहेर जाणे टाळतो, आणि घरचे म्हणतात, 'हल्ली त्यांना विसर पडतो'. बुद्धिभ्रंशाची टाळता येण्याजोगी कारणे शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०२४ साली आपल्या यादीत उपचार न केलेल्या दृष्टिमांद्याची भर घातली. 'साठी बुद्धी नाठी' म्हणताना साठीतल्या माणसाचा चष्मा कधीचा आहे, हेही एकदा पाहावयास हवे.

ज्यांची दृष्टी परतणार नाही, त्यांच्यासाठीही करण्यासारखे पुष्कळ आहे. हातातील बहिर्गोल भिंग, मोठ्या ठशाची पुस्तके, अक्षर वाचून दाखवणारे दूरध्वनी संच, आणि १९५१ पासून भारतीय भाषांसाठी एकच पद्धत ठरलेली भारती ब्रेल लिपी ही साधने आहेत. मोठ्या नेत्ररुग्णालयांतून मंददृष्टीसाठी स्वतंत्र विभाग असतात. 'आता काही होणार नाही' असे एकदा ऐकल्यावर तेथे जावयाचे राहून जाते, तसे राहू देऊ नये. घरातही थोडी व्यवस्था करता येते. वाचताना दिवा समोर न ठेवता खांद्यामागून प्रकाश येईल असा ठेवावा. पायऱ्यांच्या कडेला ठळक पिवळा पट्टा ओढावा. पांढरा भात पांढऱ्या ताटात वाढू नये, रंगीत ताटात वाढावा, म्हणजे घास चाचपावा लागत नाही. आणि तांब्या, काठी, चपला, औषधाची बाटली यांची जागा एकदा ठरली, की घरातील कोणीही त्या वस्तू न सांगता हलवू नयेत.